पाळकसाहेबांचा आवाज सांधणारी

संस्थेत तिला सगळे कात्रीताई म्हणत. नाव पडलं ते टेपच्या काळात. तेव्हा माणसाचं बोलणं तपकिरी फितीवर उतरायचं, आणि नको असलेला खोकला काढायचा तर फितीचा तेवढा तुकडा खरोखरच कापून काढावा लागे. खरं म्हणजे कात्री ती कधी वापरतच नसे. ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायची, असं ते काम. पण ब्लेडताई अशी हाक मारायला कुणी धजावलं नाही, म्हणून कात्रीताई. पुढे संगणक आला, फीत गेली, ब्लेड गेलं, नाव तेवढं मागे राहिलं.

संस्था म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या चार खोल्या. देवाचं वचन रेडिओवरून लोकांच्या घरात पोचवायचं, हे तिचं काम. रोज सकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम: एक गीत, एक संदेश, एक प्रार्थना. मग दिवसभर फोन. कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या मुलाने बोलणं टाकलेलं, कुणाला नुसतंच कुणाशी तरी बोलायचं असलेलं. पुढच्या खोलीत दोघं जण फोन घेत आणि फोनवरच प्रार्थना करत. मागची खोली ध्वनिमुद्रणाची. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी फळ्या मारून बंद केलेली, दारावर लाल दिवा, मधे काच: तिच्या आत बोलणारा, अलीकडे ध्वनिमुद्रण करणारा. दिवा लागला की शेजारच्या न्हाणीघरातला नळही आवळून बंद करायचा, कारण त्याचं ठिबकणं माइकला बरोबर ऐकू जाई. खालचा सायकलवाला देवधर्माच्या वाटेला फारसा जात नसे, पण वरून कुणी जिन्यात येऊन "सुरू" म्हणालं, की तो हातोडी बाजूला ठेवी आणि तेवढा वेळ पंक्चरं काढत बसे.

कात्रीताई तिथे आली ती टंकलेखनाला, आणि तीही बदलीवर. फीत कापणारा माणूस एक दिवस नोकरी सोडून गेला आणि कामाचं घोडं अडलं. तेव्हा पाळकसाहेब तिच्या टेबलाशी आले.

"तुम्हाला शिवण येतं का?"

"येतं थोडंफार."

"मग हेही येईल. फाटलेलं जोडायचं आणि टाका दिसू द्यायचा नाही."

पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू आणि त्या कार्यक्रमाचा आवाज. उंच, सडपातळ, कोपरांशी झिजलेला कोट. ते सगळ्यांना अहो-जाहो करत. जिन्यात आडवं पडलेल्या कुत्र्यालाही "जरा सरकता का" म्हणून विचारत, आणि गंमत म्हणजे कुत्रा सरकायचा. समोर कागद ठेवून ते कधी बोलले नाहीत. माइकपुढे एक रिकामी खुर्ची ठेवायला सांगत आणि तिच्याकडे बघून बोलत. खुर्चीवर रोज नवीन माणूस असे. आज रात्रपाळी करून आलेली नर्स, उद्या तुरुंगातला कैदी, परवा नवऱ्याशी भांडून चूल पेटवणारी बाई. कुणाशी बोलायचं ते ठरलं की त्यांचा आवाज त्या माणसाच्या उंचीचा होई. म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटे, हे आपल्यालाच सांगताहेत.

कात्रीताईला त्यांच्याबद्दल जे वाटे ते मात्र त्यांच्या बोलण्यावरून नव्हे. तिचा नवरा बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूल अंगावरचं होतं, आणि एक दिवस तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना त्याचे दोन्ही हात भाजले. कोपरापर्यंत पट्ट्या. तेव्हा ध्वनिमुद्रण आटोपून पाळकसाहेब रोज तिच्या घरी येत आणि तिच्या नवऱ्याची दाढी करत. मोठी प्रार्थना नाही, उपदेश नाही. फेस लावायचा, दाढी करायची, चहा घ्यायचा, निघायचं. दाढी करणं मात्र त्यांना मुळीच जमत नसे. हातांच्या जखमा भरल्या तेव्हा नवरा म्हणाला, "देवाची कृपा. आणखी आठवडाभर हे चाललं असतं तर तोंडालाही पट्ट्या लागल्या असत्या." पण हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

वर्षं गेली. अंगावरचं मूल मोठं होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागलं. कात्रीताईचे केस पिकले, पाळकसाहेब थोडे वाकले, आणि सकाळचा कार्यक्रम चालूच राहिला.

मग एकदा त्यांनी एकाच संदेशात एकच गोष्ट दोनदा सांगितली. कात्रीताईने दुसरी काढून टाकली. माणूस आहे, होतं असं. थोड्या दिवसांनी येशूच्या शिष्यांची नावं सांगताना ते पेत्रापाशी अडले. "आणि तो... तो मासे धरणारा..." असं म्हणून पुढे गेले. पेत्राचं नाव तिच्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत शेकड्याने होतं. तिने एक उचललं आणि तिथे बसवलं. कुणाला कळलंही नाही.

जक्कयच्या दिवशी मात्र एवढ्यावर भागलं नाही. जक्कय हा बुटका जकातदार. येशू रस्त्याने जाताना त्याला गर्दीतून काही दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. आणि येशूने वर बघून त्याला हाक मारली, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. पाळकसाहेबांनी जक्कयला मोठ्या रंगात झाडावर चढवलं. फांदी कशी वाकली, अंगरखा कसा फाटला, सगळं आलं. मग ते थांबले. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. आणि एकदम म्हणाले, "चला, आपण प्रार्थना करू." जक्कय राहिला झाडावरच.

काचेच्या अलीकडून कात्रीताईने हात वर करून "झकास" अशी खूण केली. ते गेल्यावर ती डोक्याला हात लावून बसली. मग तिने जुनी ध्वनिमुद्रणं धुंडाळली, एका जुन्या संदेशात जक्कय खाली उतरलेला सापडला, आणि तो तिने नव्या झाडाला जोडून दिला. पण जुना आवाज तरणा, नवा थकलेला. मग जुन्याला थोडा जड केला, नव्याला थोडी धार दिली, मधे एक श्वास घातला. दुपार त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जक्कय व्यवस्थित खाली उतरला आणि फोनवर एक बाई म्हणाली, "आज पाळकसाहेबांनी रडवलं हो."

त्यानंतर हे रोजचंच झालं. एरवी तासाभरात हातावेगळं होणारं काम आता संध्याकाळपर्यंत पुरे. कधी अर्ध्याहून अधिक संदेश जुनाच असे. तिने कुणापाशी ब्र काढला नाही. व्यवस्थापकाला सांगावं तर तो पाळकसाहेबांना घरी बसवील, आणि घरी बसलेले पाळकसाहेब तिच्या डोळ्यांपुढे येईनात. न सांगावं तर रोज सकाळी हजारो माणसं भरवशाने रेडिओ लावतात आणि आपण त्यांना हे असं ऐकवतो. दुधात पाणी घालणाऱ्याला लोक काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. इथे तर पाण्यात दूध घालायची पाळी आली होती. प्रार्थनेला डोळे मिटले की तिला वाक्यांचे तुकडे ऐकू येत. जेवताना चमचा थाळीला लागला तरी ती दचके.

घरात सासूबाई होत्या. सासूबाईंचे गुडघे गेले होते, एका डोळ्याने अंधुक दिसे, पण कान असे की शेजारच्या घरात कुणी कुजबुजलं तर या इकडून उत्तर देत. सकाळचा कार्यक्रम त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"सूनबाई," एका सकाळी त्या म्हणाल्या, "तुझे पाळकसाहेब आजकाल दोन वयांचे झालेत."

"म्हणजे काय?"

"एका वाक्याला सत्तरीचे, दुसऱ्याला चाळिशीचे. दात नवे बसवले का त्यांनी?"

"बसवले असतील," कात्रीताई म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. भांडी आधीच घासलेली होती.

असं वर्ष गेलं असेल. मग व्यवस्थापकाने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. व्यवस्थापक तिच्याहून वयाने लहान, भला माणूस, पण डोक्यात एखादी कल्पना शिरली की भिंतीला धडकेपर्यंत थांबायचा नाही. कार्यक्रमाच्या वाढदिवसाला थेट प्रसारण करायचं, असं त्याने जाहीर केलं. आधी ध्वनिमुद्रण नाही, काही नाही. पाळकसाहेब माइकपुढे बसतील आणि ऐकणारे लोक थेट त्यांच्याशी फोनवर बोलतील, आणि ते सगळं जसंच्या तसं रेडिओवर जाईल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबही हसून टाळ्या वाजवत होते. कात्रीताईची मात्र पाचावर धारण बसली.

"थेट नको," ती व्यवस्थापकाला एकट्याला गाठून म्हणाली. "लाइन गेली तर? कुणी काही वेडंवाकडं बोललं तर?"

"ताई, एक दिवस कात्रीला सुट्टी द्या," तो लाडाने म्हणाला. "तुमच्यावाचूनही जग अर्धा तास चालेल."

मग ती पाळकबाईंकडे गेली. पाळकसाहेबांची बायको म्हणजे ठेंगणी, चटपटीत बाई. शाळेत शिकवून निवृत्त झालेली. हल्ली त्या रोज नवऱ्याबरोबर संस्थेच्या दारापर्यंत येत. बाजार याच रस्त्याला आहे म्हणत. बाजार याच्या उलट दिशेला होता, पण कुणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

पाळकबाईंनी चहा केला. दोघी समोरासमोर बसल्या. पाळकसाहेब मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते.

"साहेबांची तब्येत कशी आहे, बाई?"

"उत्तम आहे. झोप छान, भूक छान. ध्वनिमुद्रण कसं होतंय?"

"अगदी छान. एका दमात होतं. मला हातही लावावा लागत नाही."

"हो ना. मी रोज ऐकते. पूर्वीसारखंच."

"पूर्वीसारखंच."

मग दोघींनी बराच वेळ बिस्किटाच्या बशीकडे बघितलं. बाहेर पाण्याचा आवाज एकाच जागी येत राहिला. पाळकबाई उठल्या, अंगणात गेल्या, आणि नवऱ्याच्या हातातली नळी हळूच दुसऱ्या कुंडीकडे वळवून परत आल्या. कात्रीताईने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं. तिने तसाच चहा पिऊन टाकला आणि निघाली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो बादलीत पाय सोडून बसला होता. त्याने ऐकून घेतलं. मग टॉवेलने एकेक बोट पुसत म्हणाला, "ब्रेक गेलेली बस मी छान रंग देऊन रस्त्यावर सोडली, तर तू मला काय म्हणशील?"

"पण त्यांनी तुमची..."

"दाढी केली. ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो. रोज इतकी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघतात आणि त्यांना काय होतंय हे विचारायला कुणी नाही. तू त्यांना सगळ्यांपासून लपवलंस. मग त्यांची विचारपूस करायला कोण येणार?"

हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाल दिवा लावायच्या आधी ती काचेपलीकडे आतल्या खोलीत गेली. पाळकसाहेब माइकपुढे बसले होते. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती त्यांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

"पाळकसाहेब, मला एक बोलायचं आहे."

"बोला. नाहीतरी मला काय बोलायचं होतं ते मी विसरलोय."

"गेलं वर्षभर तुमचे संदेश मी..."

"शिवताय," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"अहो, मी रोज सकाळी रेडिओ लावतो. परवा त्यातला माणूस संशयी शिष्य थोमाबद्दल इतकं सुरेख बोलला, की मी बायकोला म्हटलं, हा कोण आहे हो, बरा बोलतो. ती चहाची किटली तशीच ठेवून आत गेली. मग माझ्या लक्षात आलं, की तो मीच असणार." ते थोडं हसले. "पण माझं बोलणं माझ्या तोंडून असं सरळ येत नाही, हे मला कळतं, ताई. अजून तेवढं कळतं. आणि या इमारतीत ते सरळ करणारं दुसरं कोण आहे?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"भीती वाटली. मी विचारलं असतं, तर तुम्ही थांबला असता. आणि सकाळचा तो अर्धा तास मी धड असायचो. ऐकताना वाटायचं, आहे, अजून आहे मी." त्यांनी माइकवरची धूळ बोटाने पुसली. "तुम्हाला किती त्रास होत असेल याचा विचार मी करायला हवा होता. तो केला नाही. किंवा केला असेल आणि विसरलो असेन. ही एक सोय झाली आहे बघा."

कात्रीताईला वाटलं, आता आपल्याला रडू कोसळणार. आणि ती हसायला लागली. तिचं बघून तेही हसायला लागले. दोघं इतकी हसली, की पुढच्या खोलीतला फोनवाला फोनवर हात दाबून दारात येऊन बघून गेला.

हसणं ओसरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आता हे सांगून टाकू. आधी माझ्या घरी, मग व्यवस्थापकांना, आणि मग रेडिओवर. आणि तुम्ही बरोबर राहा, कारण हे ठरलंय तेही मी विसरेन."

पाळकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कात्रीताईचा हात धरला आणि म्हणाल्या, "पूर्वीसारखंच म्हणे. मेले, किती खोटं बोललो आपण दोघी त्या बिस्किटांपुढे." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले, तेही हसतच. मग एकेक बाहेर येऊ लागलं. वर्षभर त्या रोज रात्री नवऱ्याकडून दुसऱ्या दिवसाचा संदेश पाठ करून घेत होत्या. सकाळी तो अर्धा उडालेला असे. कार्यक्रम लागला आणि सगळं जागच्या जागी ऐकू आलं, की त्यांना वाटे देवानेच चमत्कार केला. "चमत्कार कोण करतंय ते विचारायची छाती झाली नाही," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापकाचा चेहरा मात्र पांढरा पडला. तो आधी कात्रीताईवर चिडला.

"ताई, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

एवढं सरळ कबूल केल्यावर त्याला पुढे भांडता येईना. थेट प्रसारण रद्द करू, जुनं एखादं ध्वनिमुद्रण लावू, असं तो म्हणू लागला. पाळकसाहेबांनी मान हलवली.

"जुनं पुष्कळ लावून झालं," ते म्हणाले. "लोकांना सांगतो की देवापुढे आहात तसे या. मग मी त्यांच्यापुढे शिवून-टाचून किती दिवस जाऊ?"

"पण तुम्ही मधेच अडलात तर?"

"अडणारच. बायको शेजारी बसेल. चाळीस वर्षं शाळेतल्या मुलांना पुढचा शब्द सांगत आलीय ती."

त्या सकाळी मागच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. पाळकसाहेब, पाळकबाई आणि ती नेहमीची रिकामी. काचेच्या अलीकडे व्यवस्थापक नखं खात उभा होता. कात्रीताईने आवाज जुळवून दिला आणि हात मांडीवर ठेवले. तिला करण्यासारखं आता काही नव्हतं. जे बोललं जाईल ते थेट जाणार होतं. खालून सायकलवाल्याची घंटी वाजली तर तीही जाणार होती.

गीत संपलं. पाळकसाहेब बोलू लागले.

"मित्रहो, आज तुम्हाला एक सांगायचं आहे. माझी आठवण हल्ली रजेवर जाते. अर्ज न करता जाते, आणि कधी परत येणार तेही सांगत नाही. गेलं वर्षभर तुम्ही माझं जे बोलणं ऐकलंत, त्यातलं पुष्कळसं जुनं होतं. आमच्या एका ताईंनी ते प्रेमाने जोडलं. त्यांचा दोष नाही. मी गप्प बसलो, तो माझा दोष. त्याबद्दल तुमची क्षमा मागतो. आज जे ऐकाल ते आजचं आहे. ते थोडं फाटकं असेल."

मग ते... थांबले. व्यवस्थापकाने डोळे मिटले. पाळकबाई शांतपणे माइककडे झुकल्या आणि म्हणाल्या, "योसेफ."

"हां, योसेफ. तुरुंगातला. आणि त्याच्याबरोबर तो दुसरा, राजाला पेला देणारा. तो सुटला. योसेफाने त्याला सांगितलं होतं, की बाबा, बाहेर गेल्यावर माझी आठवण ठेव. आणि तो..." पुन्हा थांबले. या वेळी पाळकबाई काही बोलल्या नाहीत. पुढचं वाक्य त्यांच्याच्याने म्हणवेना.

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. कात्रीताईने व्यवस्थापकाकडे बघितलं, त्याने मान हलवली, तिने फोन जोडला. पलीकडे गाडीच्या इंजिनाची घरघर होती.

"साहेब, मी ट्रक चालवतो," आवाज आला. "गाडी बाजूला घेतलीय. पुढचं मी सांगू का?"

"सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "उपकार होतील."

"तो पेलावाला विसरला. बाहेर जाऊन साफ विसरला. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, साहेब. मी तेव्हा आत होतो. तुरुंगात. घरचं कुणी भेटायला येत नव्हतं. तुम्ही म्हणाला होता, माणूस विसरला म्हणून देव विसरला असं होत नाही, आणि योसेफाला बाहेर काढायला शेवटी त्या विसरभोळ्याचाच उपयोग झाला. मी ते धरून बसलो. सुटलो, लग्न केलं, दोन मुली आहेत."

पाळकसाहेब लक्ष देऊन ऐकत होते, परक्या माणसाचं ऐकावं तसं.

"हे मी म्हटलं होतं?"

"हो साहेब."

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "पण खरं आहे हो ते. तुम्ही आज सांगितलंत, फार बरं केलंत. मला आज त्याची गरज होती."

काचेच्या अलीकडे व्यवस्थापक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फोनचा दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा. एका म्हाताऱ्या बाईने प्रार्थनेचं पुढचं वाक्य सांगितलं. एकाने फक्त एवढंच विचारलं, की साहेब, औषध घेता ना वेळेवर. पाळकबाईंनी उत्तर दिलं, की डॉक्टरकडे न्यायचं अजून बाकी आहे, आम्ही सगळे घाबरून बसलो होतो, आता नेते. तो म्हणाला, "आजच न्या." पाळकसाहेब म्हणाले, "नेतील, मी त्यांचं ऐकतो." मधे खुर्ची करकरली, पाळकसाहेबांनी घसा खाकरला, एकदा ते चक्क हसले, आणि सगळं जसंच्या तसं बाहेर गेलं. कात्रीताईचे हात मांडीवरून हलले नाहीत. प्रसारण संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की किती महिन्यांनी आपले खांदे खाली आलेत. मानेत जी गाठ बसली होती ती कधी सुटली, कळलंही नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या गाद्यांच्या खोलीत समजलं.

घरी गेली तर सासूबाई दारातच बसलेल्या.

"आज बरे वाटले ते," त्या म्हणाल्या. "एकाच वयाचे."

डॉक्टरांनी पाळकसाहेबांना तपासलं. आजार खरा होता, पण चाल मंद होती. गोळ्या दिल्या, नियमाने चालायला सांगितलं, आणि माणसांत ठेवा म्हणाले. ते औषध संस्थेकडे भरपूर होतं. पुढे बरेच दिवस नवरा-बायको दोघं मिळून कार्यक्रम करत. संदेश पाळकबाई सांगत आणि मधे कुठेतरी पाळकसाहेब एखादं वाक्य टाकत. कधी ते नेमकं असे, कधी भलत्याच गावाला गेलेलं असे. तेव्हा बाई म्हणत, "ते उद्या घेऊ," आणि पुढे जात. पत्रं आली, फोन आले. काही माणसांनी नाराजीही कळवली, वर्षभर फसवलं म्हणून. व्यवस्थापकाने त्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. मग एक वेळ अशी आली, की पाळकसाहेब घरीच राहू लागले आणि पाळकबाई एकट्याच कार्यक्रम करू लागल्या. कात्रीताई अधूनमधून दुपारची त्यांच्याकडे जाई. एकदा त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही आमच्याकडे कामाला आहात का?" ती म्हणाली, "होते." त्यांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मग बसा, दमला असाल." असा दिवस आला की आपल्याला फार वाईट वाटेल असं तिला वाटत आलं होतं. तसं झालं नाही. ती बसली, आणि दोघं अंगणातल्या कुंड्या बघत राहिली.

तिचं काम आता दुपारच्या जेवणाआधी आटपे. खोकला काढायचा, एखादा हॉर्न काढायचा, बस. त्याच साली तिने रजा काढली आणि नवऱ्याबरोबर मुलाकडे निघाली. पहाटेची बस होती. नवऱ्याने बसायच्या आधी पुढे वाकून इंजिनाचा आवाज ऐकला, ठीक आहे अशी मान हलवली, आणि खिडकीची जागा तिला दिली. उजाडता उजाडता चालकाने रेडिओ लावला. गीत वाजलं, मग पाळकबाईंचा आवाज आला. कात्रीताईने पहिलं वाक्य ऐकलं असेल. डोळे उघडले तेव्हा ऊन वर आलं होतं, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर होतं, आणि रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या.

"तुमचा कार्यक्रम होऊन गेला," नवरा म्हणाला.

"कसा झाला?"

"चांगला झाला असेल. मीही झोपलो होतो."

ती हसली, शाल नीट ओढून घेतली, आणि पुन्हा डोळे मिटले.